सुट्टीचा हक्क आणि मढचा किनारा

पर्यटन व्यवसायाच्या जाहिरातींत ‘बेट’ ह्या शब्दाला मोठा भाव आला आहे. निळे पाणी, स्वच्छ वाळू, डोंगरकड्यावरून कोसळणारा धबधबा, पाण्याखाली कासवे आणि रंगीबेरंगी मासे असे ते चित्र असते. त्या चित्रात बेटावर राहणारा माणूस मात्र नसतो. असलाच तर हातात तबक घेऊन उभा असतो. ज्यांची ऐपत आहे ते ह्या चित्राच्या शोधात मालदीवला किंवा बालीला जातात. ज्यांची नाही ते रविवारी सकाळी मालाड स्थानकाबाहेर २७१ क्रमांकाच्या बसच्या रांगेत उभे राहतात आणि मढची वाट धरतात. जाहिरातदारांनी मढलाही ‘आयलंड’ करून टाकले आहे. वस्तुतः मढ हे स्वतंत्र बेट नव्हे. साष्टीच्या पश्चिम अंगाला, एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस मालाडची खाडी ह्यांच्यामधून दक्षिणेकडे उतरत गेलेली ती जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. टोकाला उभे राहिले की समोर वर्सोवा दिसते. होडीने खाडी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. रस्त्याने जायचे तर मालाडवरून वीसएक किलोमीटरचा वळसा पडतो.

ह्या चिंचोळ्या पट्टीवर एक मोठा प्रश्न उभा आहे. सुट्टी कोणाच्या वाट्याला येते आणि त्या सुट्टीची किंमत कोण मोजतो, हा तो प्रश्न. पर्यटन म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून तो बाजूला सारण्याची सवय पुरोगामी मंडळींत बरीच रुजलेली आहे. ती सोडून देण्याची वेळ आली आहे. कारण किनाऱ्याच्या अर्थकारणाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे किनारा भांडवलाच्या स्वाधीन करणे होय.

विश्रांती ही कामगार चळवळीची फार जुनी मागणी आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये लेऑन ब्लूम ह्यांच्या नेतृत्वाखाली समाजवाद्यांचे आघाडी सरकार आले, आणि देशभर पसरलेल्या संपांच्या दडपणाखाली चाळीस तासांचा आठवडा आणि वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा हे दोन कायदे झाले. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी रजेचा करार संमत केला. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसाव्या कलमाने विश्रांती, फुरसत आणि ठरावीक काळाने मिळणारी पगारी सुट्टी हा माणसाचा हक्क म्हणून नोंदवला. भारतात १९४८च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा देऊ केली. २०२०च्या श्रमसंहितेत ही २४० दिवसांची अट १८० वर आली. परंतु नाक्यावर उभा राहणारा बांधकाम मजूर, घरकाम करणारी बाई, फेरीवाला, मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवणारा तरुण ह्यांच्यासाठी ही तरतूद कागदावरच राहते. त्यांची सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी. तेव्हा मालवणीच्या झोपडवस्तीतून मुलाबाळांना घेऊन आक्साच्या वाळूत दोन तास घालवायला येणारे कुटुंब काही चैन करीत नसते. ह्या महानगराने त्याला नाकारलेली मोकळी जागा ते दोन तासांपुरती परत मिळवत असते. त्याच्या ह्या येण्याचे स्वागतच केले पाहिजे.

मात्र ज्या किनाऱ्यावर हे कुटुंब येते तो ओसाड नाही, हेही तितकेच ध्यानात ठेवायला हवे. मढच्या टोकावरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. वसईच्या मोहिमेत १७३९ साली तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ साली साष्टीबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. एरंगळच्या किनाऱ्यावरील सेंट बोनाव्हेंचरचे चर्च १५७५ सालचे मानले जाते आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तेथे भरणाऱ्या जत्रेला सर्व धर्मांचे लोक लोटतात. कोळीवाड्यात हरबादेवीचे देऊळ आहे. ह्या साऱ्यांहून जुना आहे तो इथला मासेमारीचा धंदा. भरती-ओहोटीच्या ओढीवर डोलजाळे लावायचे, बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आणायची, आणि पावसाळा सरला की बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालायचे. ओहोटीला खाडीत उतरून बाया कालवे आणि शिंपल्या काढतात. खडकांतल्या डबक्यांत दिसणारे खेकडे, शंख, समुद्रफुले पाहून शहरातला पाहुणा हरखतो आणि त्याला ‘सागरी जीवसृष्टी’ म्हणतो. कोळणीच्या लेखी त्याच ओहोटीत त्या दिवसाचे कालवण असते. जून-जुलैतील मासेमारीबंदी आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विसावा देण्याची जुनी रीत ह्यांत ह्या जीवसृष्टीचे संवर्धन शब्दांविना सामावलेले आहे.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा. रिकार्डोने खंडाची जी मीमांसा केली तिचे सार असे की, जमिनीच्या मालकाला मिळणारा खंड हा त्याच्या श्रमाचा मोबदला नसतो. जमिनीची जागा आणि गुण ह्यांमुळे तो त्याच्या पदरात पडतो. मिलने पुढे ‘अनार्जित मूल्यवाढ’ ही कल्पना मांडली आणि हेन्री जॉर्जने १८७९ साली तिच्या आधारे जमीनमालकीवर घणाघात केला. समुद्राकाठची जमीन हे ह्या सिद्धांताचे लख्ख उदाहरण होय. मढच्या एखाद्या बंगल्याला एका रात्रीचे जे भाडे मिळते, किंवा चित्रपट आणि मालिकांच्या चित्रीकरणासाठी जे मिळते, त्यात विटा-सिमेंटचा वाटा थोडा. मोठा वाटा समुद्राचा, वाऱ्याचा, मोकळ्या आकाशाचा आणि शेजारी एक कोटीहून अधिक माणसांचे दाटीचे शहर असल्याचा. ह्यांपैकी एकही गोष्ट बंगल्याच्या मालकाने निर्माण केलेली नाही. समुद्र सर्वांचा, किनारा शासनाचा म्हणजे लोकांचा आणि शहर श्रमिकांनी उभारलेले. परंतु ह्या सामाईक संपत्तीतून निघणारा खंड कुंपणाच्या आत जिरतो आणि तिचा खर्च कुंपणाबाहेर सांडतो.

असे होऊ नये म्हणून कायदा नव्हता असे नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतची जागा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले होते. त्याच विचारातून १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. २०११च्या अधिसूचनेत मुंबईतील कोळीवाड्यांची नोंद करून त्यांना वेगळे संरक्षण देण्याचे कलम आले. २०१९च्या अधिसूचनेने मात्र उलट पाऊल टाकले. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्टा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आणला आणि पुळणींवर तात्पुरत्या पर्यटन-सुविधांना वाट करून दिली. आडोशाला ‘तात्पुरते’ हा शब्द असला की मुंबईत काय घडते, ते मढनेच दाखवून दिले. तात्पुरत्या परवानगीवर उभी राहिलेली चित्रीकरणाची भव्य संकुले एप्रिल २०२३ मध्ये महापालिकेला पाडावी लागली. त्यानंतर बनावट भूमापन नकाशांच्या आधारे ना-विकास क्षेत्रात बंगले ‘जुने’ दाखवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि त्याच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. एवढी बांधकामे रात्रीत उगवली नाहीत. ट्रक आले, वीज आली, पाणी आले. शासनाला तेवढे दिसले नाही. आपल्या घरावर एक खोली चढवायची म्हटली की कोळ्याच्या दारात अधिकारी उभा राहतो, त्याच किनाऱ्यावरची ही कथा आहे.

ह्या व्यवहारात स्थानिकांचा हात मुळीच नव्हता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. विकणाऱ्यांत गावचेही लोक होते. पण मासळी घटू लागली, डिझेल महागले, मुले शिकली तरी नोकरी मिळेना, अशा काळात विकलेल्या जमिनीला स्वेच्छेचा सौदा म्हणणे ही बाजाराच्या तत्त्वज्ञानाची सोय झाली. शिवाय वैयक्तिक जमिनीहून मोठा प्रश्न सामाईक जमिनीचा आहे. होड्या ओढण्याची, जाळी विणण्याची, मासळी वाळवण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत आहे, परंतु तिच्यावर कोळी समाजाचे नाव बहुतेक ठिकाणी नाही. मुंबईतील कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळलेला आहे. सीमांकन झालेच तरी घरांपुरते करून वाळवणाच्या जागा बाहेर ठेवण्याचा धोका असतोच. वलांड्यांवाचून कोळीवाडा म्हणजे शेतावाचून शेतकरी.

खर्च कुंपणाबाहेर कसा सांडतो, ह्याचा दाखला शोधायला दूर जायला नको. पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील ओढे आणि धबधबे पाहायला सारे उपनगर लोटते. त्याच डोंगररांगेतून निघालेली ओशिवरा नदी गोरेगावातून वाहत मालाडच्या खाडीला मिळते, म्हणजे मढच्या परसदारी येते. डोंगरात जे निर्मळ पाणी असते ते वाटेत गटाराचे रूप घेते. त्यातच मालाडच्या मलनिःसारण केंद्रातील पाणी नीट शुद्ध न होता वर्षानुवर्षे ह्याच खाडीत सोडले गेले. मुंबईतील सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. त्यांत मालाड आणि वर्सोवा आहेत. हे काम फार पूर्वी व्हायला हवे होते. खाडी नासली की पहिला फटका बसतो तो कालवे काढणाऱ्या बाईला, आणि तिचे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. धबधबा पर्यटनाच्या खाती जमा होतो. सांडपाणी मात्र कोळ्याच्या खाती नावे पडते.

दुसरा खर्च मनुष्यप्राणांचा आहे. आक्साचा समुद्र दगा देणारा म्हणून कुप्रसिद्ध आहे. सरकती वाळू आणि आत खेचणारे प्रवाह ह्यांमुळे तेथे आजवर अनेक तरुण बुडाले. बुडणारे बहुधा वस्त्यांतले, पोहणे शिकण्याची संधी कधी न मिळालेले. बंगल्यांमध्ये तरणतलाव असतात. आक्सावर पुरेसे आणि कायम सेवेतील जीवरक्षक असावेत ही साधी मागणी. त्याऐवजी शासनाला सुशोभीकरण सुचते. आक्साच्या पुळणीवर मेरिटाइम बोर्डाने बांधलेल्या भिंतीचा आणि पदपथाचा वाद हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. समुद्राला भिंत घातली की लाटेचा मारा सरकून शेजारची वाळू धुपते, हे किनारा-अभियांत्रिकीचे प्राथमिक ज्ञान आहे. ज्याला ओहोटीला वाळू हवी असते त्या कोळ्याला आणि ज्याला खेळायला वाळू हवी असते त्या वस्तीतल्या मुलाला, दोघांनाही ह्या भिंतीचा उपयोग नाही. येथे दोघांचे हित एक आहे, आणि राजकारणाची सुरुवात ह्या एकत्वापासून झाली पाहिजे.

पर्यटनाचे समर्थक रोजगाराचा मुद्दा पुढे करतात. तो खोटा नाही. मढ-मार्वेच्या बंगल्यांत, उपाहारगृहांत, चित्रीकरणस्थळी गावच्या मुलांना काम मिळते. पण कोणते काम, ते पाहिले पाहिजे. स्वतःच्या होडीचा नाखवा असलेल्या माणसाचा मुलगा दुसऱ्याच्या फाटकावर पहारेकरी होतो, तेव्हा रोजगाराच्या आकडेवारीत एकाची भर पडते. उत्पादनाच्या साधनाची मालकी मात्र हातातून गेलेली असते, आणि तिची नोंद कोणी घेत नाही. हाच प्रश्न वर्सोवा-मढ नियोजित पुलाचाही आहे. गावाला पूल नको असे कोणी म्हणू नये. रात्री दवाखाना गाठायचा असेल, वादळात होडी बंद असेल, तर मढकराचे हाल होतात. पण तो पूल आधी बससाठी, रुग्णवाहिकेसाठी आणि मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायांसाठी, की मोटारगाड्यांसाठी आणि पलीकडच्या जमिनीचे भाव चढावेत म्हणून, हे आजच ठरवून घेतले नाही तर पुलाबरोबर खंड येईल आणि खंडाबरोबर विस्थापन.

अशा आक्रमणाला लोक अडवू शकतात, ह्याची उदाहरणे जवळच आहेत. मढच्या उत्तरेला मनोरीची खाडी ओलांडली की गोराई-मनोरी-उत्तनचा पट्टा लागतो. तेथील लोक त्याला धारावी बेट म्हणतात. तेथे पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा बेत स्थानिक कोळी, आगरी आणि ख्रिस्ती गावकऱ्यांनी एकत्र येऊन हाणून पाडला. गोव्यात १९७०च्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध लढा दिला, आणि पुढच्या दशकात जागृत गोंयकारांची फौज चार्टर विमानांच्या पर्यटनाविरुद्ध उभी राहिली.

विरोधाच्या पलीकडे पर्याय काय, ह्याचे उत्तर कोकणातील दोन गावांत सापडते. मालवणचा सागरी भाग १३ एप्रिल १९८७ रोजी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ आणि मासे वाचवण्याचा हेतू चांगला होता. परंतु ज्यांची उपजीविका त्या पाण्यावर होती त्यांना विश्वासात घेतले गेले नाही. परिणामी अभयारण्य म्हणजे आपल्या पोटावर पाय अशीच तेथील मच्छीमारांची भावना झाली आणि संघर्ष दीर्घकाळ चालला. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास गावी २००२ साली ह्याच्या उलट वाटेने सुरुवात झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले. ते गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच हातचे जेवतात आणि पैसा गावात राहतो. कासव आणि माणूस ह्यांच्यात भांडण लावण्याची गरज तेथे पडली नाही. मढसमोरच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर लोकांनी दोन-अडीच वर्षे कचरा उपसल्यानंतर मार्च २०१८ मध्ये ह्याच जातीच्या कासवाची पिल्ले दिसली. निसर्ग परत यायला तयार असतो. त्याला जागा कोण ठेवतो, हा प्रश्न आहे.

येथे कार्यकर्त्यांच्या पुढ्यात काही निश्चित कामे येतात. पहिले काम म्हणजे मढ, भाटी, एरंगळ येथील सामाईक वहिवाटीच्या जागांची गावकऱ्यांसह मोजणी करून नकाशा तयार करणे, आणि वाळवणाच्या व होड्यांच्या जागांसह कोळीवाड्याचे सीमांकन होऊन समाजाच्या सामूहिक नावे नोंद व्हावी असा आग्रह धरणे. दुसरे, पुळणीवर जाण्याच्या सार्वजनिक वाटा कुंपणांनी कोठे अडवल्या आहेत त्याची नोंद करून त्या खुल्या करवणे. तिसरे, आक्सा व इतर पुळणींवर कायम सेवेतील जीवरक्षक, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि रविवारी जादा बसगाड्या मागणे. चौथे, किनाऱ्यावरील भाड्याच्या उत्पन्नावर विशेष कर बसवून तो खाडीच्या शुद्धीकरणासाठी आणि मच्छीमारांसाठी राखून ठेवण्याची मागणी करणे. पाचवे काम संघटित कामगारांचे आहे. कामगार कल्याण निधीचा कायदा १९५३ पासून आहे. त्या निधीच्या साह्याने श्रमिक कुटुंबांनी कोळी कुटुंबांच्या घरी उतरावे अशी योजना मढमध्ये का होऊ नये? नवे बांधकाम लागणार नाही, आणि नाका-कामगाराला मिळालेला सुट्टीचा दिवस कोळणीच्या घरचे उत्पन्न होईल. अर्थात त्याआधी असंघटित कामगारालाही पगारी रजा मिळाली पाहिजे, आणि ही मागणी किमान वेतनाच्या मागणीइतक्याच जोराने मांडली गेली पाहिजे.

ही कामे मोठ्या मोर्चाची नाहीत, चिकाटीची आहेत. गोरेगावात मृणाल गोरे ह्यांनी पाण्याच्या नळापासून सुरुवात केली आणि दिंडोशीत शेकडो एकरांतील अतिरिक्त जमिनीचा काही भाग तरी सामान्यांच्या घरांसाठी मिळवून दाखवला. तेव्हा १९७६चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा हाताशी होता. महाराष्ट्राने तो २००७ साली रद्द केला. हत्यार बोथट झाले तरी प्रश्न संपत नाही. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून तरुणांना देश पाहायला, गावात राहायला, तेथल्या माणसांबरोबर राबायला शिकवले. प्रवासाचा तो अर्थ समाजवाद्यांना परका नाही. येत्या हंगामात पश्चिम उपनगरांतील शाखांनी आपली पहिली बैठक मढच्या कोळीवाड्यात घ्यावी, आणि तिथल्या स्त्रियांना आधी बोलू द्यावे.